कुंपणावरून आलेले डबे

पीचचा डबा कुंपणावरून आला, तेव्हा साहेबांची मोटार अजून शेजारच्या नेलच्याच दारात उभी होती.

"आज लवकर टपकला मेला," नेल दबक्या आवाजात म्हणाली. "मांडामांडीच्या गडबडीत मी डब्यावरचा चेप लपवायचा विसरले गं, कोरल. तसाच पुढं राहिला."

"त्यानं पाहिला?"

"पाहिला असणार. पण बरोबर एक पोरगी आणलीय आज. आपल्यातलीच. ती एकेक डबा हातात घेऊन बघत होती."

पीचसकट सगळे डबे भरलेली पिठाची पिशवी छातीशी धरून कोरल घरात पळाली.

मरे नदीच्या काठी, आदिवासींच्या पत्र्याच्या घरांच्या त्या वस्तीत सगळ्यांचं असंच चालायचं. चर्चच्या होमचे, म्हणजे पोरांना नेऊन ठेवायच्या आश्रमाचे, गोरे विनफिल्डसाहेब आले, की आधी कपाट उघडायचे. कपाटात डबे नसले, तर पोराला खायला नाही, असं त्यांचं साधं गणित. मग ते पोर मोटारीत बसून होममध्ये जायचं. चुलीवरचा नदीतला मासा आणि राखेत भाजलेली भाकरी त्यांच्या गणितात कधी बसलीच नाही. म्हणून बायकांनी मिळून मटणाचे, वाटाण्याचे, पीचचे डबे आणले आणि साहेबांच्या पुढं पुढं घरोघर फिरवायला सुरुवात केली. त्या डब्यांनी वस्तीतलं एकूण एक घर पाहिलं, पण ते उघडले मात्र कुणीच नाहीत. एकदा घाईत पीचचा डबा दगडावर पडून चेपला. तेव्हापासून चेप भिंतीकडं करून ठेवायचा, हे लहान पोरींनासुद्धा ठाऊक होतं.

कोरल स्वतः होममध्येच वाढली होती. तिथं तिला प्रार्थना शिकवल्या, इस्त्री शिकवली. सुटून घरी आली, तोवर आई मरून गेली होती. आता तिची नात लिओनी खाटेवर पाय जुळवून बसली होती. केस इतके ओढून विंचरलेले, की पोरीचे डोळे तिरपे झाले होते. लिओनीची आई द्राक्षांच्या मळ्यात तोडणीला गेलेली. ती परत येईल, तेव्हा पोर घरात दिसली पाहिजे. कोरलला दुसरं काहीच नको होतं.

तिनं भराभर कपाटात डबे मांडले. शेवटी पीचचा डबा फळीवर टेकवला, आणि दार वाजलं. तिनं घाईत कपाट लोटलं. चेप समोरच राहिला.

"मिस रोझलिन, तुम्ही स्वयंपाकघराला सुरुवात करा," साहेब दारातूनच म्हणाले. "मी मागचा संडास बघून येतो. कपाट मी स्वतः बघणार आहे."

पोरगी आत आली. अंगात इस्त्रीचा कोट, पायांत चकाकते बूट. कोरलला साहेबांपेक्षा हिचीच धास्ती वाटली. साहेबांना आजवर या घरांतलं काही कळलं नव्हतं, पण हिला सगळं कळणार होतं.

"तू कुणाची गं?" कोरलनं विचारलं. अनोळखी माणूस आलं की त्यांच्यात नावाच्या आधी हे विचारतात.

रोझलिननं मान वळवली. ती सरळ कपाटाकडं गेली. कोरलच्या डोक्यात सणक गेली. स्वतःची माणसं सांगायला लाज वाटते, आणि निघाली लोकांची घरं तपासायला.

रोझलिननं कपाट उघडलं. पीचचा डबा उचलला आणि चेपावरून अंगठा फिरवला.

"हा मी आत्ताच शेजारी पाहिला, मिसेस मॉफॅट. साहेबांनीही पाहिलाय."

कोरल खाटेच्या पुढं येऊन उभी राहिली.

"चुलीवर मासा आहे, झाकण काढून बघ," ती म्हणाली. "पोरीच्या अंगाला हात लावून बघ. कधी उपाशी झोपली असेल तर मला ने, पण तिला नेऊ नकोस गं."

मागच्या अंगणात साहेबांचे बूट वाजले. लिओनी खाटेवरून उतरली आणि आजीचा झगा घट्ट धरून उभी राहिली.

रोझलिननं डबा परत फळीवर ठेवला. मग दोन्ही हातांनी तो हळूच फिरवला. चेप भिंतीकडं गेला.

"मी कुणाची, ते मला नीट सांगता येत नाही, मावशी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या वस्तीतल्या डब्याला गंजाचा डाग होता. मला होममध्ये नेलं, त्या दिवशी तो भिंतीकडं करायला आई विसरली."