गळ्यावरचा व्रण

“रोबोटच्या मदतीनं थायरॉइडची गाठ काखेतून काढू. गळ्यावर व्रण दिसणार नाही. हल्ली पुरुषही हेच मागतात,” पुण्यातले डॉक्टर म्हणाले. पाटोद्याहून आलेल्या आश्रुबांनी गळ्यावरची गाठ चाचपली. बारा वर्षांमागं बायकोची, केसरबाईची, अशीच गाठ गळा आडवा चिरून काढली होती. घरी आल्याबरोबर तिनं गळ्यालगत बसणारी ठुशी पेटीत ठेवली, ती कायमचीच. पुढं लग्नकार्यातही गळ्याभोवती पदर लपेटूनच वावरली. ‘घाल की, लई शोभती तुला,’ एवढं आश्रुबांच्या कितीदा ओठांवर आलं. पण शब्द बाहेर पडला नाही. यंदा दिवाळीआधी ती वारली. “बायांचं बी असंच करत्यात का?” त्यांनी विचारलं. “करतो की.” लेक तेजश्रीनं कागद पुढं सरकवला. “अण्णा, काखेतूनच करायचं. सही करा.” त्यांनी सही केली. “करा कुठूनबी, डॉक्टर,” ते म्हणाले, “माझा गळा बघणारी आता न्हाई.”