सरपंचांची टोपी

आमच्या बव्हेरियातल्या गावची सणाला सलामी देणारी छोटी तोफ मी पहिल्यांदाच उडवणार होते. दारू मापून भरली, बूच ठोकलं, तोंड मोकळ्या कुरणाकडे होतं. वात लावणार तोच सरपंच लोकांना लांब ठेवायला बांधलेली दोरी ओलांडून आले, तोफेच्या तोंडाला पोट टेकवून फोटोसाठी उभे राहिले. पाठोपाठ बँडवालेही. "बाजूला व्हा, तोफ भरलीय." "अगं वाल्बुर्गा, आत गोळा कुठाय? नुसता आवाज तर होणार. परवाना काल मिळाला आणि आज आम्हाला शिकवतेस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची तुरेवाली टोपी हिसकावून मी दोरीबाहेर गेले. शिव्या घालत सगळे मागे आले. त्यांना तिथेच थांबवून मी काठीला टोपी अडकवली, काठी बाजूने तोफेसमोर रोवली आणि वात पेटवली. धूर विरला. टोपीचा काठ तेवढा उरला होता. तो सरपंचांच्या हातात दिला. "नुसता आवाज झाला, सरपंच."