अक्षरांचं कुलूप

"मशीनला आता हात लावायचा नाही," पुण्याहून आलेले कंपनीचे साहेब म्हणाले, आणि रुद्राणीने कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. स्क्रीनवर गणपतरावांच्या मुलीची लग्नपत्रिका होती. गणपतराव कोडोलीहून प्रूफ वाचायला आले होते, ते हातात चष्मा धरून तसेच उभे राहिले. साहेबांच्या मागे हवालदार बाळासो होते. ते पंख्याकडे बघत होते.

गुन्हा मराठी फॉन्टचा होता. साल दोन हजार तीन. कोल्हापुरात तेव्हा टायपिंगच्या ज्या त्या दुकानात हाच फॉन्ट होता आणि तो कुणीच विकत घेतलेला नव्हता. खरा या साहेबांच्या कंपनीकडून घ्यायचा तर त्याच्याबरोबर आगपेटीएवढं एक लॉक मिळायचं. ते मशीनच्या पाठीत खुपसलं की मराठी उमटायची. किंमत मशीनपेक्षा जास्त. मग कुणीतरी ते फोडून फॉन्ट इंटरनेटवर सोडून दिला, आणि अख्ख्या जिल्ह्याचे अर्ज, पत्रिका, वाढदिवसाचे फलक त्यात निघू लागले. बाराखडी आपली आणि तिला कुलूप घालून किल्ली पुण्यात ठेवायची, हा न्याय मला तरी आजवर कळलेला नाही.

"मी चोरी केलो न्हाई साहेब," रुद्राणी म्हणाली. "क ख ग तुमच्या कंपनीचं कवापास्नं झालं?"

"अक्षरं तुमची, बाई. वळण आमचं."

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या जप्त मोटारसायकली तिने पाहिल्या होत्या. त्यांच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. मशीन एकदा तिथे गेलं की दुकान संपलं, आणि दुकानाशिवाय तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तिला रडू येत होतं, पण या माणसासमोर रडायचं नव्हतं.

आता पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक समोरचा चहावाला आकाराम मिळाला. दुसरे गणपतराव, जागेवर सापडले म्हणून.

"म्हंजे माझ्याच पोरीच्या पत्रिका अडकल्या, आनि त्याला सही बी मीच करायची?"

"व्हय," बाळासो म्हणाले. मग सवयीने स्टूल ओढून रुद्राणीच्या शेजारी बसले. "घ्या आक्का, पंचनामा टाईप करून."

साहेब दचकले. "ह्यांनी? ह्याच मशीनवर?"

"मग कोन? आमचं अक्षर मोठ्या साहेबास्नी वाचाय येत न्हाई. ठाण्यात नवं मशीन आलंय, त्यात नुसतं इंग्लिश हाय. तुमास्नी येतंय का मराठी टाईप कराय?"

साहेबांना येत नव्हतं. त्यांना चारची गाडी गाठायची होती. त्यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.

रुद्राणी बारा वर्षं टाईप करत होती. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर, आणि अर्थाशी तिचा कधी संबंध नसे. आज मात्र प्रत्येक शब्द तिला टोचत होता, म्हणून ती पहिल्यांदाच वाचत टाईप करत होती. साहेबांनी कायदा सांगितला. सदर फॉन्ट चोरीचा आहे हे माहीत असून जो कोणी तो वापरील अगर वापरून घेईल, तो शिक्षेस पात्र. तिची बोटं क्षणभर थांबली. मग ती पुन्हा चालू लागली, जरा जास्तच जोरात. पंचनाम्याच्या शेवटी जे लिहायचं असतं ते तिने कुणी न सांगता लिहिलं. सदरचा पंचनामा कंपनीचे साहेब यांचे सांगणेवरून सदर मशीनवर, सदर फॉन्टमध्ये टाईप केला, तो वाचून पाहिला, बरोबर आहे.

प्रिंट निघाली. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांनी एक वेलांटी सुधारली आणि झोकात सही ठोकली. पंचांनी केली. बाळासोंनी केली.

"साहेब, आता तेवढा शेवट वाचा की," रुद्राणी म्हणाली.

साहेबांनी वाचला. मग कागद तोंडाजवळ नेऊन पुन्हा वाचला. कागदावरचं ते देखणं वळण त्यांच्याच कंपनीचं होतं आणि खाली सही त्यांची.

"फाडा हा!"

"फाडा. पन मशीनमदी हाय की. तारीख, वेळ, सगळं. पुसलं तर पुरावा पुसल्याचा दुसरा गुन्हा."

बाळासो स्टुलावरून सावकाश उठले. "म्हंजे ह्ये मशीन कोर्टात गेलं, तर आपन बी त्येच्यासंगं आत?"

"आनि मी?" गणपतराव ओरडले. "दारात मांडव घातलाय माझ्या! नवरीचा बाप तुरुंगात बसून अक्षता टाकनार व्हय?"

दुकानात सगळे एकदम बोलू लागले. आकाराम आपली सही परत मागत होता. साहेबांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. रुमालाने मान पुसली. मग बॅगेतून दाखवायला आणलेलं लॉक काढलं, खाली वाकले आणि स्वतःच्या हाताने मशीनच्या पाठीत बसवलं.

"हे मशीन कायदेशीर आहे," ते म्हणाले. "मी तपासलं. इथे काही सापडलं नाही."

रुद्राणीचा विश्वासच बसेना. ती मशीनवर हात ठेवून हसत सुटली, आणि आता डोळ्यांतून पाणी आलं तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. साहेबांनी पावतीपुस्तक उघडलं. "पावतीवर कालची तारीख घालतो, म्हणजे कुणाला काही विचारता येणार नाही."

बाळासोंनी पुढे होऊन त्यांचं पेन धरलं.

"कालची नगं साहेब, तीन वर्सांमागची घाला. तवापास्नंचे ठाण्याचे झाडून सगळे पंचनामे आक्कांच्या ह्याच मशीनवर निघाल्यात."