सबरीची कडू मुळी

बस रे, कॉफी गाळून होईतोवर सबरीची गोष्ट ऐक. घाई असेल तर आत्ताच ऊठ. अर्धी ऐकून पळणारी माणसं मला चालत नाहीत.

सबरी आपल्या गावचा तक्रावचा गडी. वेताचा चेंडू जाळीवर आला की हा हवेत उलटा व्हायचा आणि पायानं असा हाणायचा की पलीकडचे नुसते बघत राहायचे. पण यंदा काय झालं कोण जाणे, उडीच बसेना. त्यात जिल्ह्याची फायनल तोंडावर. नासिर मास्तरांनी तर सगळ्यांसमोर सुनावलं, "सबरी, असंच चाललं तर तुझ्या जागी अझलानला घेईन."

झालं. सबरी तडक बाजारात, देरामानकडे. देरामान तोंगकात अली विकतो. रानातली ही कडू मुळी पुरुषाच्या अंगात जोर आणते, असं आपल्याकडे बापजाद्यांपासून मानतात. सबरीनं चांगली जाडजूड मुळी आणून बायकोच्या हातात दिली. कल्सोमनं मडकं चढवलं.

सबरी पहाटेच रबराच्या झाडांचा चीक काढायला जातो, ऊन चढल्यावर परत येतो. आला की कप तयार. डोळे मिटून प्यायचा, थू थू करायचा आणि मैदानावर जायचा. उडी तशीच.

मग घरात चिडचिड. भात गरम का, कोंबडं आरवलं का. कल्सोमचा बाप मामत यांच्याकडेच राहतो. त्याची बायको वारून बरीच वर्षं झाली. म्हाताऱ्याचा मान मोठा. त्यानं सुरुवात केल्याशिवाय त्या घरात कुणी घास उचलत नाही.

एकदा सबरी हरून घरी आला, तर मामत छपरावर पत्रा ठोकत होता. तिथूनच ओरडला, "काय जावईबापू, मांजरसुद्धा तुमच्यापेक्षा उंच उडतं!"

"आबा, खाली उतरा आधी. पडाल!"

"पडायला मी काय तक्राव खेळतोय?"

सबरीचं डोकं फिरलं. गेला देरामानकडे. "काका, तुम्ही मला सरपण विकलंत!"

देरामाननं मुळीचा तुकडा छाटला. "चाव."

सबरीनं चावला. तोंड वाकडं झालं.

"कडू आहे?"

"विष आहे!"

"मग खरी आहे. पहिल्या उकळीतच सगळा जोर पाण्यात उतरतो बघ तिचा. पुढं उरतो तो नुसता कडूपणा."

"कडूच तर पितोय ना रोज! जोर कुठाय?"

"आता तुझ्या अंगातच नसेल तर मुळीनं काय करावं?" देरामान हसला, आणि आणखी जाड मुळी त्याच्या गळ्यात मारली.

तीही उकळून प्याला. फायनलच्या आदल्या दिवशी मास्तरांनी संघ वाचून दाखवला. सबरी बाहेर, अझलान आत.

पाय आपटत घरी आला. मडकं उचललं आणि निघाला अंगणात फोडायला. कल्सोम आडवी आली.

"अहो, मडक्यानं काय केलंय? आबांना सकाळी कशात उकळून देऊ?"

"आबांना? आबांना काय देतेस तू?"

"काय म्हणजे? पहाटे पहिला कप आबांचाच की. मग परत पाणी घालून तुमच्यासाठी उकळते. मोठ्यांच्या आधी तुम्हाला कसं देणार?"

सबरी पायरीवर मटकन बसला. तेवढ्यात त्याच्यासमोरून मामत निघाला. पूर्वी माझ्या टपरीपर्यंत यायचं तर वाटेत बसत बसत यायचा, गुडघे धरून. आता सायकलवर टांग टाकली, केसाला तेल, नवी लुंगी, घंटी वाजवत गेला.

तेव्हापासून सबरी इकडं फिरकला नाही. ते जाऊ दे, कॉफी घे, निवतेय. आणि माझं एक काम कर. शुक्रवारी मामतशी माझा निकाह आहे. तेवढा सबरीला हाताला धरून आण. म्हणावं, नव्या सासूनं पहिली उकळी तुझ्यासाठी काढून ठेवलीय.