हात खाली

एकवीस वर्षांच्या रेवतीच्या बोटांतून स्वेटरचं बटण पुन्हा निसटलं. न राहवून तिच्या आईनं, कुमुदताईंनी, ते लावून टाकलं. सरकारनं घरी पाठवलेल्या यंत्रमास्तरानं ते हळूच काढलं.

"आई, हात खाली. रेवती, परत."

"सहा वर्षं हेच! सरकारला कंटाळा कसा येत नाही हो?"

"बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला येईपर्यंत शिकवायचं, असा कायदाच आहे, आई. कंटाळा माझ्यात घातलेलाच नाही."

पुढे थंडीत कुमुदताईंचा उजवा हात मोडला. स्वतःच्या स्वेटरचं बटण लावता येईना. मास्तर पुढे सरसावला, तोच रेवती आईसमोर येऊन बसली. बटण निसटलं. सवयीनं कुमुदताईंचा डावा हात मदतीला धावला.

"आई, हात खाली," रेवती म्हणाली. "परत."

कुमुदताईंनी हात खाली घेतला. मास्तरानंही.