मधुश्रवणी

आई महिनाभर एकदाही कुरकुरली नाही, याचाच भाषावैज्ञानिक शाल्मली खोतांना संशय येत होता. शेवटी रत्नागिरीच्या विज्ञानमेळाव्यात, भर व्याख्यानात, त्यांनी देवरुखला आईलाच फोन लावून स्पीकर चालू केला.

"आई, बरी आहेस ना?"

"मजेत आहे गं. तू नको माझी काळजी करूस."

आवाज इतका लाघवी, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. जवळपास सगळ्यांच्या कानांत मधुश्रवणी नावाची इवली यांत्रिक चकती होती. समोरचा कसाही बोलो, त्याचा सूर गोड करूनच ती आत सोडायची. घरोघरची भांडणं तिच्यामुळेच थांबली होती.

पहिल्या रांगेतल्या वकील तेंडोलकरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना जन्मापासून सूर कळत नसे. शाल्मली कित्येक वर्षं त्यांच्यावर संशोधन करत होत्या. गोड सूर त्यांच्या काय कामाचा? ते मधुश्रवणी घालतच नसत, माणसाचा श्वास ऐकत.

"बाई," ते उठून म्हणाले, "तुमच्या आईंना धाप लागलीय."

शाल्मलींनी कानातली मधुश्रवणी उपटून काढली. "आई, खरं सांग."

"महिनाभर टोमणे मारून सांगतेय," घोगरा, तुटका आवाज आला. "तुला कळतच नाही."

शाल्मलींनी तिथूनच शेजाऱ्यांना फोन करून आईला दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि त्या धावतच बाहेर पडल्या. सभागृहात एकेकाचा हात कानाकडे गेला. मोबाईल सगळ्यांनी बाहेर काढले होते, पण घरी फोन लावायला कुणीच धजेना.