निळ्या खडूची रेघ

"आहे ना नक्की असं पुस्तक?" शिंपीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

ग्रंथपालांनी ते आणून टेबलावर ठेवलंच. बाईंच्या लाडक्या जुन्या कादंबरीकारावर कुणा प्राध्यापिकेने लिहिलेला जाडजूड समीक्षाग्रंथ. या माणसाच्या लिखाणात पुन्हा पुन्हा काय येतं, त्याचाच सगळा कीस.

"मी म्हणते ते यात आहे का, एवढंच बघायचंय," बाई म्हणाल्या. "नसलं तर आमचे हे म्हणतात तेच खरं."

बाईंचं म्हणणं असं होतं की त्याच्या सातही कादंबऱ्यांत कुणीतरी घराबाहेर पडतं, काहीतरी विसरलं म्हणून माघारी येतं, आणि एरवी जन्मात बोललं नसतं ते दारात उभं राहून बोलून टाकतं. नवरा म्हणायचा, "लेखक विसरभोळा होता गं, दुसरं काय." वीस वर्षं हीच टिंगल. मशीनवर बसल्या बसल्या बाईंनाही कधीकधी वाटायचं, खरंच, आपण आपलं भलतंच वाचतोय की काय.

चष्मा लावून, ओळींखाली बोट फिरवत त्या वाचू लागल्या. चौथ्या प्रकरणाचं नावच होतं 'विसरलेली वस्तू'. बाईंचा जीव भांड्यात पडला. एका टोपीवर दोन पानं, एका किल्लीवर चांगली तीन. "घ्या, किल्लीसुद्धा आहे," त्या पुटपुटल्या. मग तळटीप आली आणि ओळींखालचं बोट तिथंच थांबलं.

'हे सूत्र माझ्या ध्यानात आले ते एका वाचनालयातल्या प्रतींमुळे. सातही कादंबऱ्यांत नेमक्या याच ओळींपाशी निळ्या खडूची तिरपी रेघ आहे. ती कुणी ओढली, मला ठाऊक नाही. हे प्रकरण खरे तर त्या वाचकाचे आहे.'

बाईंनी हळूच मान वर केली. समोर पाटी होतीच. पुस्तकात खुणा करणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल. कापडावरचा खडू झटकला की जातो, तसा कागदावरचाही जाईल असं त्या धरून चालल्या होत्या. जात नाही हे कळेपर्यंत सातही पुस्तकं झाली होती.

"सापडलं का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"सापडलं." निळी बोटं पिशवीआड धरत त्या उठल्या. "येते मी."

जिना उतरून त्या फाटकापर्यंत गेल्या. हे वाचनालय सुटलं तर वाचायचं कुठे? पण ते 'मला ठाऊक नाही' काही केल्या गळ्याखाली उतरेना. त्या तशाच पुन्हा जिना चढल्या.

"चष्मा राहिला," दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या.

ग्रंथपालांनी चष्मा पुढे केला. बाईंनी घेतला नाही.

"त्या रेघा माझ्या आहेत. काय ते नाव कमी करायचं असेल तर करा."

"दरवर्षी पुस्तकं तपासताना मी खोडरबर घेऊन बसतो बाई," ग्रंथपाल म्हणाले. "सगळ्यांच्या खुणा खोडल्या. तुमच्या सात पुस्तकांना तेवढा हात लावला नाही."

त्यांनी खणातून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं आणि त्यावर चष्मा ठेवून ते बाईंकडे सरकवलं.

"ही तुमच्या कादंबरीकारांची आठवी. घरच्यांना जुन्या कपाटात सापडली, परवाच छापून आली. अजून कुणी उघडलेली नाही." मग जरा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खडू आहे ना जवळ?"